लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेन कॉलेजात कसं शिकावं: प्रवेशाआधीपासून पहिल्या नोकरीपर्यंत

या विषयाच्या बहुतेक पुस्तकांत सुरुवातीलाच एक व्याख्या भेटते. योग्य वस्तू, योग्य प्रमाणात, योग्य स्थितीत, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य ग्राहकाला, योग्य खर्चात पोचवणं म्हणजे लॉजिस्टिक्स. मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितात आणि गुणही मिळवतात. पण ‘योग्य प्रमाणात’ म्हणजे नेमके किती नग, असं विचारलं की वर्गात शांतता पसरते. कॉलेजची सगळी वर्षं या एका ‘किती?’चं उत्तर शोधण्यात घालवलीत, तर बाकीचा अभ्यास आपोआप जागेवर येतो. हा लेख त्या वाटेने कसं जायचं ते सांगण्यासाठी आहे.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. लॉजिस्टिक्स म्हणजे मालाची ने-आण आणि साठवण: गोदाम, वाहन, पॅकिंग, कागदपत्रं. हा शब्द सैन्याकडून आला. सप्लाय चेन म्हणजे त्याहून मोठं वर्तुळ. त्यात कच्चा माल देणारा, त्याला माल देणारा, कारखाना, वितरक, दुकानदार आणि ग्राहक असतात, आणि या सगळ्यांमध्ये माल, माहिती व पैसा फिरत असतो. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्दप्रयोग कीथ ऑलिव्हर या सल्लागाराने १९८२ साली रूढ केला. म्हणजे विद्याशाखा म्हणून हा विषय तसा तरुण आहे, मात्र त्यातली बरीचशी गणितं त्याच्याहून कितीतरी जुनी आहेत.

प्रवेश घेण्याआधी: नावाला भुलू नका, अभ्यासक्रम वाचा

एकाच नावाचा अभ्यासक्रम एका ठिकाणी वाणिज्य विभागात असतो, दुसरीकडे अभियांत्रिकीत आणि तिसरीकडे सागरी वाहतुकीच्या संस्थेत. वाणिज्याकडे खरेदी, करार आणि खर्चाचा हिशेब जास्त असतो. अभियांत्रिकीत गणिती मॉडेल, कारखान्याचं नियोजन आणि संगणकावरचं सिम्युलेशन शिकवतात. सागरी संस्थेत जहाजं, बंदरं, विमा आणि कस्टम्स यांना जास्त जागा असते. यातलं कुठलंच कमी दर्जाचं नाही, फक्त आपण कुठल्या दारातून आत शिरतोय ते ठाऊक असावं.

माहितीपत्रकावरचे चकचकीत फोटो बाजूला ठेवा आणि सत्रवार विषयांची यादी मागवा. त्यात संख्याशास्त्र आहे का? ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे गणिताने सर्वांत चांगला पर्याय शोधण्याचं शास्त्र, आहे का? साठ्याचं नियोजन हा स्वतंत्र विषय आहे, की ‘ऑपरेशन्स’च्या पेपरात एका प्रकरणात उरकलाय? इंटर्नशिपला क्रेडिट आहेत, की ती ज्याने त्याने सुट्टीत शोधायची आहे? मग मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना गाठा आणि दोनच प्रश्न विचारा: गोदामात एकूण किती तास काढलेत, आणि कुठल्या सॉफ्टवेअरवर स्वतः हात चालवलात? पहिल्याचं उत्तर ‘एकदा नेलं होतं दाखवायला’ आणि दुसऱ्याचं ‘स्लाइड दाखवल्या’ असं आलं, तर त्या कॉलेजात प्रवेश घ्यायला हरकत नाही, पण अर्धं शिक्षण स्वतःच मिळवावं लागेल, याची तयारी ठेवूनच घ्या.

पहिला आठवडा: एक वस्तू निवडा आणि ती सोडू नका

माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे, आणि कुठलाही अभ्यासक्रम ते सांगत नाही. अगदी साधी, रोज हाताळलेली एक वस्तू निवडा. मी या लेखात बॉलपेन घेतो. प्लास्टिकची नळी, टोपण, शाई, रिफिल, धातूचं टोक आणि त्या टोकात फिरणारा एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान गोळा, एवढाच त्याचा संसार. तो गोळा बहुतेक वेळा टंगस्टन कार्बाइडचा असतो, आणि जगातल्या टंगस्टनचा बहुतांश भाग चीनमधून निघतो. प्लास्टिकचं मूळ खनिज तेलात आहे. किरकोळ वाटणारी वस्तू दोन-तीन खंडांशी बांधलेली निघते.

एक जाड वही करा. पुढे जो विषय शिकाल, त्याचं एक पान पेनावर लिहा. खरेदीचा तास झाला, की या भागांपैकी कुठला भाग एकाच पुरवठादारावर अवलंबून राहू शकतो ते लिहा. १९८३ साली पीटर क्रालिच यांनी खरेदीच्या वस्तूंची चार गटांत विभागणी मांडली. पुरवठ्यात धोका किती आणि नफ्यावर परिणाम किती, या दोन कसोट्या. आता पेनाचा गोळा त्या चौकटीत कुठे बसेल? टोपण कुठे बसेल? गोळ्याची किंमत नगण्य, पण तो नसेल तर पेनच नाही. असं स्वतःच्या वस्तूवर बसवून पाहिलेलं प्रकरण पुन्हा पाठ करावं लागत नाही.

पहिलं वर्ष: साठ्याचं गणित हाताने सोडवा

इथे घाई करू नका. या विषयात मुलं अडतात ती इथेच, आणि इथे पक्कं झालेलं पुढे दहा वर्षं पुरतं.

सुरुवात ईओक्यूपासून, म्हणजे एका खेपेला किती मागवणं परवडतं त्यापासून करा. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली हे सूत्र मांडलं. वर्षाची मागणी गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, त्याला एक नग वर्षभर सांभाळण्याच्या खर्चाने भागा आणि वर्गमूळ काढा. पेनांच्या खोक्यांची वर्षाची मागणी ७२००, एका ऑर्डरचा खर्च १०० आणि एक खोकं वर्षभर सांभाळायचा खर्च ४ धरू (चलन कुठलंही घ्या). उत्तर येतं ६००. वर्षात १२ ऑर्डरी, त्यांचा खर्च १२००. गोदामात सरासरी ३०० खोकी, त्यांचा खर्च १२००. एकूण २४००.

बहुतेक वर्गांत गणित इथे संपवतात. तुम्ही एक पायरी पुढे जा. समजा चुकून ६०० ऐवजी ९०० मागवली. ऑर्डरी आठ, खर्च ८००. सरासरी साठा ४५०, खर्च १८००. एकूण २६००. ऑर्डर दीडपट झाली, पण खर्च जेमतेम आठ टक्क्यांनी वाढला. म्हणजे हे सूत्र उदार आहे, थोडं चुकलेलं खपवून घेतं. ट्रक पूर्ण भरावा म्हणून किंवा पॅलेट (माल रचून ठेवायचा पाट) अर्धवट राहू नये म्हणून आकडा मागेपुढे केला, तर आभाळ कोसळत नाही. ही समज सूत्रापेक्षा मोलाची आहे, आणि ती हाताने आकडे फिरवल्याशिवाय येत नाही.

आता सेफ्टी स्टॉक, म्हणजे अचानक वाढलेल्या मागणीसाठी किंवा उशिरासाठी हाताशी ठेवलेला जादा साठा. रोजची सरासरी मागणी ४० खोकी, तिचं प्रमाण विचलन (मागणी सरासरीपासून साधारण किती वर-खाली होते त्याचं माप) १०, आणि ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा लीड टाइम ९ दिवस. ९५ टक्के खेपांत माल संपू नये असं वाटत असेल, तर गुणक सुमारे १.६५ येतो. १.६५ गुणिले १० गुणिले ९चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ५० खोकी. साठा ४१० वर आला, की नवी ऑर्डर द्यायची: ९ दिवसांची ३६० आणि वर ५०.

इथवर पुस्तकात असतं. पण खऱ्या जगात पुरवठादार दर वेळी बरोबर नवव्या दिवशी येत नाही. कधी सातव्या, कधी अकराव्या. त्या लीड टाइमचंही विचलन २ दिवस धरा. आता वर्गमूळात दोन गोष्टींची बेरीज होते. एक, लीड टाइम गुणिले मागणीच्या विचलनाचा वर्ग, म्हणजे ९००. दुसरी, सरासरी मागणीचा वर्ग गुणिले लीड टाइमच्या विचलनाचा वर्ग, म्हणजे ६४००. बेरीज ७३००, वर्गमूळ सुमारे ८५, आणि सेफ्टी स्टॉक १४१. पन्नासाचे एकशे एक्केचाळीस झाले, केवळ पुरवठादाराच्या अनियमितपणामुळे.

मग साहेब म्हणतात, जवळचा पुरवठादार बघा, ९ ऐवजी ४ दिवसांत देणारा. त्याचाही अनियमितपणा तेवढाच असेल, तर हिशेब करून पाहा: सेफ्टी स्टॉक १३६. पाच दिवस वाचवले आणि सुटली फक्त पाच खोकी! आता उलटं करा. नऊ दिवसांचाच पुरवठादार ठेवा, फक्त त्याचं विचलन दोन दिवसांवरून एक दिवसावर आणा. सेफ्टी स्टॉक ८३ च्या आसपास येतो. लवकर येण्यापेक्षा वेळेवर येणं जास्त मोलाचं असतं, हे वाक्य शंभर लोक सांगतील. तुम्हाला ते या तीन ओळींच्या हिशेबातून सिद्ध करून दाखवता आलं पाहिजे.

एक सावधगिरी. ९५ टक्के खेपांत माल संपत नाही, याचा अर्थ ९५ टक्के मागणी पुरी होते असा नाही. या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. इंटर्नशिपच्या मुलाखतीत हा फरक विचारतात आणि निम्मी मुलं तिथेच अडखळतात.

याच्या जोडीला आणखी एक छोटा नियम लक्षात ठेवा. जॉन लिटल यांनी १९६१ साली तो सिद्ध केला: आत असलेली संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी काळ. गोदामाच्या फाटकातून तासाला ६ ट्रक आत येतात आणि प्रत्येक ट्रक अडीच तास थांबतो, तर आत सरासरी १५ ट्रक असणार. वाहनतळ दहांचा असेल, तर रांग रस्त्यावर जाणारच. आणखी पहारेकरी नेमून ती हटणार नाही. माल उतरवायचा वेळ कमी केला, तरच हटेल.

मागणीच्या अंदाजात चालती सरासरी (मागच्या काही काळाची सरासरी) आणि एक्सपोनेन्शियल स्मूदिंग (ताज्या आकड्यांना जास्त वजन देणारी सरासरी) या दोन पद्धती आधी नीट शिका, मशीन लर्निंग नंतर. आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेवा: विक्री म्हणजे मागणी नव्हे. ज्या दिवशी फळीवर पेनच नव्हता, त्या दिवशीची विक्री शून्य दिसते. ती शून्यं तशीच अंदाजात घातली, तर पुढच्या वेळी आणखी कमी माल मागवला जातो आणि तुटवडा आपलं आपणच पोसत राहतो.

एक्सेल, आणि त्याआधी माहितीची स्वच्छता

एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, लुकअपची सूत्रं, तारखांचे हिशेब आणि सॉल्व्हर (अटी पाळून सर्वांत चांगलं उत्तर शोधणारं साधन) एवढं सफाईदार यायला हवं. सॉल्व्हरवर वाहतुकीचा प्रश्न सोडवा: तीन कारखाने, पाच गोदामं, प्रत्येक वाटेचा दर वेगळा, कुठून कुठे किती पाठवायचं? हा प्रश्न निदान १९४१ पासून अभ्यासला जातोय, आणि जॉर्ज डँट्झिग यांच्या १९४७ च्या सिम्प्लेक्स पद्धतीने त्याची किल्ली हाती दिली. आधी कागदावर करा, मग सॉल्व्हरचं उत्तर ताडून बघा. दुसऱ्या वर्षात एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिका. कंपनीचा डेटा एक्सेलच्या फाइलीत बसून तुमची वाट पाहत नसतो, तो डेटाबेसमधून काढून घ्यावा लागतो.

पण सूत्रांच्या आधी एकक येतं. माझ्या पहिल्या इंटर्नशिपमध्ये संगणक एका मालाचा साठा ४८० दाखवत होता आणि रॅकवर खोकी होती ४०. तीन दिवस चोरीचा संशय हवेत होता. ज्याची पाळी होती, त्या मुलाकडे सगळे तिरकस बघत होते. शेवटी इनवर्डच्या नोंदी चाळल्या तेव्हा कळलं की माल आत घेताना कुणी ‘नग’ लिहिले होते आणि रॅक मोजणारा ‘खोकी’ मोजत होता. एका खोक्यात बारा नग. एक पेनही चोरीला गेला नव्हता. तेव्हापासून कुठलाही तक्ता हातात आला की मी आधी विचारतो: हा आकडा कशाचा आहे? तुम्हीही विचारा. कुणी हसलं तरी विचारा.

खोकं, पॅलेट, कंटेनर: जागेचा हिशेब

पट्टी घेऊन बसा. एक प्रमाणित पॅलेट १२०० बाय १००० मिलिमीटरचं असतं. त्यावर ४०० बाय ३०० ची खोकी एका थरात किती बसतील? सगळी एकाच दिशेने लावली तर नऊ. पण एक ओळ आडवी आणि दोन ओळी उभ्या लावून पाहा: ४ आणि ३ आणि ३, म्हणजे दहा. पॅलेट काठोकाठ भरलं. आता पॅकिंगवाल्याने खोकं प्रत्येक बाजूने फक्त एक सेंटिमीटरने मोठं केलं, ४१० बाय ३१०. कितीही फिरवलंत तरी आठच्या वर जात नाहीत. एका सेंटिमीटरपायी पाचवा हिस्सा जागा गेली, आणि ती प्रत्येक थरात, प्रत्येक पॅलेटवर, प्रत्येक ट्रकमध्ये जात राहणार. हे कागदावर खरोखर काढून बघा. पॅकेजिंगचं प्रकरण यानंतर कधी कंटाळवाणं वाटणार नाही.

कंटेनरचंही तसंच. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन यांचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं, आणि बंदरावर माल चढवण्या-उतरवण्याचं अर्थकारणच बदललं. आज २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर आणि ४० फुटीमध्ये साधारण ६७ घनमीटर जागा असते. जागा दुप्पट होते, पण वजनाची मर्यादा दुप्पट होत नाही. म्हणून लाद्या २० फुटीत जातात आणि उशा ४० फुटीत. लाद्यांचं वजन आधी भरतं, उशांची जागा आधी भरते. आपल्या पेनांचं आधी काय भरेल, ते एका खोक्याचं वजन घेऊन काढा.

हवाई मालाला आणखी एक गाठ असते. विमान कंपन्या साधारणपणे घनसेंटिमीटरला ६००० ने भागून आकारमानाचं वजन काढतात, आणि ते किंवा खरं वजन, यातलं जे जास्त असेल त्यावर भाडं लावतात. ६० बाय ४० बाय ५० चं खोकं तराजूवर ८ किलो भरलं, तरी भाडं २० किलोचं.

कागदपत्रं: पाठांतर नको, जोखीम शोधा

आंतरराष्ट्रीय व्यापारात बिल ऑफ लेडिंग एकाच कागदावर तीन कामं करतं. ते माल जहाजाकडे सोपवल्याची पावती असतं, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असतं, आणि मालावरच्या हक्काचा दस्तही असतं. यातलं तिसरं काम ज्याला कळलं, त्याला बँकांचा या व्यवहारात काय संबंध तेही कळतं.

इनकोटर्म्स, म्हणजे विक्रेता आणि खरेदीदार यांच्यात खर्च व जोखीम कशी वाटायची ते सांगणाऱ्या ठरावीक संज्ञा, आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने प्रथम १९३६ साली काढले. सध्या चालू असलेले २०२० चे आहेत, एकूण ११. ते पाठ करायला बसलात तर आठवड्यात विसराल. त्याऐवजी कारखान्याच्या दारापासून ग्राहकाच्या दारापर्यंत एक सरळ रेघ ओढा. प्रत्येक टर्मसाठी त्या रेघेवर दोन खुणा करा: खर्च विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कुठे जातो, आणि जोखीम कुठे जाते. मग लक्षात येईल की काही टर्म्समध्ये या खुणा एकाच जागी नसतात. सीआयएफ (किंमत, विमा आणि भाडं) घ्या. विक्रेता थेट शेवटच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा भरतो, पण माल सुरुवातीच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. वाटेत माल बुडाला तर विम्याचा दावा करायला खरेदीदाराला धावावं लागतं. एफओबी (माल जहाजावर चढवेपर्यंत विक्रेत्याची जबाबदारी) आणि सीआयएफ हे फक्त जलवाहतुकीसाठी आहेत. कंटेनरच्या मालाला एफसीए (ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या हवाली केला की विक्रेत्याची जबाबदारी संपते) जास्त योग्य, कारण कंटेनर जहाजावर चढण्याच्या कितीतरी आधी टर्मिनलवर विक्रेत्याच्या हातून सुटलेला असतो. व्यवहारात लोक सवयीने एफओबीच लिहीत राहतात, आणि काही बिघडलं की भांडत बसतात.

एचएस कोडची, म्हणजे कस्टम्ससाठी मालाचं वर्गीकरण करणाऱ्या आकड्यांची, ओळखही याच सत्रात करून घ्या. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे असतात, पुढचे प्रत्येक देश आपले जोडतो. बॉलपेनचा कोड ९६०८१० ने सुरू होतो.

गोदामात जा, पण पाहुण्यासारखे नको

कॉलेजच्या भेटीत शंभर मुलं मॅनेजरमागून फिरतात, फोर्कलिफ्टबरोबर फोटो काढतात आणि परततात. त्यातून हाती फारसं लागत नाही. शक्य असेल तर दोघे-तिघे मिळून परवानगी मागा. बूट घाला, सुरक्षा जॅकेट मागून घ्या, आणि एकाच कोपऱ्यात दोन तास उभे राहा. एक घड्याळ, एक वही पुरे. एका ऑर्डरचा माल काढणारा माणूस किती पावलं चालतो, किती वेळा रिकाम्या हाताने परततो, किती वेळ शोधण्यात जातो, ते लिहा. सगळ्यात जास्त खपणारा माल दारापासून किती लांब ठेवलाय, ते बघा. माल काढण्याच्या कामात बराचसा वेळ चालण्यातच जातो, हे वाचून कळत नाही, तिथे उभं राहिल्यावर पायांना कळतं.

आणि कामगारांशी आदराने बोला. संगणकात नसलेली माहिती त्यांच्याकडेच असते: कुठला पुरवठादार पॅलेट वाकडी लावून पाठवतो, कुठला ट्रकवाला कायम जेवणाच्या सुट्टीतच येतो. रॅकखाली उभं राहू नका, फोर्कलिफ्टच्या वाटेत थांबू नका, आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

चार मित्र जमवा आणि बिअर गेम खेळा

एमआयटीमध्ये १९६० च्या सुमारास तयार झालेला हा खेळ अजूनही सगळ्यात चांगला शिक्षक आहे. कारखाना, वितरक, घाऊक व्यापारी आणि दुकानदार असे चौघे. प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ पेट्या. ऑर्डरीची चिठ्ठी वर पोचायला वेळ लागतो आणि माल खाली यायला दोन आठवडे. आपापसात बोलायचं नाही. शिल्लक पेटीला अर्धा दंड, न पुरवलेल्या पेटीला एक दंड. पाचवा माणूस ग्राहक होतो. तो पहिले चार आठवडे ४ पेट्या मागतो आणि पाचव्यापासून शेवटपर्यंत ८. बदल फक्त एवढाच, आणि ते इतर चौघांना सांगायचं नाही.

तीसेक आठवडे खेळा आणि मग प्रत्येकाच्या ऑर्डरीचा आलेख काढा. ग्राहकाची रेघ एकदाच पायरी चढलेली असते, कारखान्याची मात्र डोंगरदऱ्यांसारखी वर-खाली झालेली दिसते. यालाच बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. प्रत्येक जण ‘ग्राहकच लहरी होता’ असं शपथेवर सांगेल. खरा आकडा दाखवल्यावर त्यांचे चेहरे बघा. १९९७ साली ली, पद्मनाभन आणि वँग यांनी याची चार कारणं मांडली: अंदाजावर अंदाज रचणं, ऑर्डरी साठवून एकदम देणं, किमतीतले चढउतार, आणि तुटवड्याच्या भीतीने जादा मागणं. खेळ झाल्यावर ही चार कारणं वाचा, आधी नको.

इंटर्नशिप आणि प्रोजेक्ट

मोठ्या नावामागे धावू नका. मोठ्या कंपनीत दोन महिने फाइली लावण्यापेक्षा मध्यम आकाराच्या वितरकाकडे स्टॉक मोजणं जास्त शिकवतं. अर्जात ‘मला सप्लाय चेनची आवड आहे’ असं लिहू नका. ‘तुमचा सहा महिन्यांचा विक्री आणि साठ्याचा डेटा दिलात, तर कुठला माल गरजेपेक्षा जास्त पडून आहे याची यादी दोन आठवड्यांत करून देईन’ असं लिहा. ठोस काम देऊ करणाऱ्याला दार लवकर उघडतं. गुप्ततेच्या कागदावर सही करायला सांगितलं तर करा आणि ती पाळा. नंतर रेझ्युमेत किंवा प्रोजेक्ट अहवालात कंपनीचे आकडे छापू नका.

रोज संध्याकाळी तीन ओळी लिहा: आज काय अडलं, कशामुळे, आणि सोडवलं कुणी. हीच वही पुढे मुलाखतीत कामाला येते.

प्रोजेक्टचा विषय जितका अरुंद, तितका चांगला. ‘सप्लाय चेनमध्ये तंत्रज्ञानाची भूमिका’ असले विषय घेऊ नका, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ‘अमुक गोदामात ट्रक रिकामा व्हायला लागणारा वेळ: कुठे जातो आणि किती कमी होऊ शकतो’ हा खरा विषय. पंधरा दिवस वेळा नोंदवा, ट्रक आल्यापासून निघेपर्यंतचे टप्पे वेगळे करा, आणि सगळ्यात लांब टप्प्यावर एकच उपाय सुचवा. शक्य झालं तर तो करून बघा आणि पुन्हा मोजा. आधीचा आणि नंतरचा आकडा असलेला वीस पानी अहवाल ऐंशी पानी माहितीपेक्षा वजनदार असतो.

प्रमाणपत्रं, सॉफ्टवेअर आणि परीक्षा

एएससीएम या सप्लाय चेनच्या व्यावसायिक संस्थेची सीपीआयएम ही परीक्षा साठा आणि उत्पादन नियोजनासाठी, सीएससीपी पूर्ण साखळीसाठी. या संस्थेचं आधीचं नाव एपिक्स. फ्रेट फॉरवर्डिंगकडे (दुसऱ्यांचा माल पाठवण्याची सगळी व्यवस्था लावण्याच्या धंद्याकडे) जायचं असेल तर १९२६ साली स्थापन झालेल्या फियाटा या फॉरवर्डरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा डिप्लोमा बघा. एमआयटीची ऑनलाइन मायक्रोमास्टर्स मालिका गणिताच्या बाजूने दमदार आहे. पण दुसऱ्या वर्षाआधी यातलं काहीही घेऊ नका. कामाचा अनुभव नसताना घेतलेली दोन-तीन प्रमाणपत्रं एकमेकांवर चढवल्याने रेझ्युमे जाड होतो, समज तेवढीच राहते. एसएपी या कंपन्यांचं कामकाज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच: बटणं कुठे आहेत हे कंपनी शिकवते. पर्चेस ऑर्डर, माल आत आल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल ही तिन्ही एकमेकांशी का जुळवतात, हे तुम्हाला यायला हवं.

परीक्षेत उदाहरण पुस्तकातलं न देता आपल्या वस्तूचं द्या, आणि गणिताच्या उत्तराखाली त्याचा अर्थ एका वाक्यात लिहा. सुएझ कालव्याचा दाखला द्यायचा झाला तर नेमका द्या. ४०० मीटर लांबीचं ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज कालव्यात २३ मार्च २०२१ ला अडकलं आणि २९ मार्चला सुटलं. तेवढ्या काळात तुमच्या वस्तूचा सेफ्टी स्टॉक पुरला असता का, तेही काढून दाखवा.

मुलाखत आणि पहिले तीन आठवडे

मुलाखतीला पेनाची वही सोबत न्या. ‘तुम्ही काय शिकलात?’ या प्रश्नाला ती उघडणं हेच उत्तर. एखादं पान दाखवताना तुमची चूक सापडली, तर ती मान्य करा आणि तिथेच पेन्सिलने दुरुस्त करा. मुलाखत घेणारा बहुतेक वेळा गोदामातून वर आलेला असतो. तो उत्तरापेक्षा तुमचा हात आकड्यावर कसा फिरतो ते पाहत असतो.

नोकरी लागल्यावर पहिल्या आठवड्यात माल आत येतो तिथे बसा, दुसऱ्यात बाहेर जातो तिथे, आणि तिसऱ्यात परत आलेला माल ठेवतात त्या कोपऱ्यात. परतीच्या मालाजवळ सहसा कुणी जात नाही. चुकीचा पत्ता, फुटलेलं खोकं, उशिरा पोचलेली ऑर्डर, दोनदा पाठवलेला माल असं बरंच काही तिथे पडलेलं असतं. प्रत्येक वस्तूवर परतीचं कारण लिहिलेली चिठ्ठी असते. अशा पन्नास चिठ्ठ्या वाचा, कारणांप्रमाणे गट करा आणि तो तक्ता तिसऱ्या शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर ठेवा.